साधेच इअरमफ
नव्या फोमचा वास आला की मला असीरगढ रोडवरची शूटिंग रेंज आठवते. पप्पा मला इअरमफ घेऊन देणार होते, म्हणून शिकवणाऱ्या सरांनी स्वतःचे नवेकोरे इलेक्ट्रॉनिक इअरमफ वापरून बघायला माझ्या कानांवर चढवले. ते गोळीचा धमाका दाबायचे आणि हलका आवाज मोठा करायचे. मी रायफल खांद्याला लावून उभी होते. हुकुमाशिवाय गोळी झाडायची नाही की मागे वळायचं नाही, हा तिथला नियम. मागे दहा पावलांवर सर म्हणाले, “असेच घ्या, दहा साल काही होणार नाही यांना.” पप्पा अगदी हळू म्हणाले, “इतके टिकाऊ घेऊन काय करू, सर? होळीनंतर लग्न आहे तिचं. अजून तिला बोललो नाही. साधेच बस झाले.” पत्र्याच्या शेडखाली माझा घाम त्या फोममध्ये जिरत होता आणि मला मानसुद्धा वळवता येत नव्हती. हुकूम आला, मी गोळी झाडली. पप्पांनी जवळ येऊन विचारलं, “काही ऐकू येतं का यातून?” मी म्हणाले, “नाही.” काल मुलीला हेल्मेट घेताना दुकानात तोच वास आला. “एवढं महागाचं कशाला, मम्मी?” ती म्हणाली. मी दुकानदाराला म्हटलं, “सगळ्यात टिकाऊ दाखवा.”