रिकाम्या घरातल्या सुलेखाताई

सुलेखाताई आमच्या कॉलनीत राहत नाहीत, असं अध्यक्षांनी भोंग्यावरून जाहीर केलं, तेव्हा त्या आमच्याच ओट्यावर बसून माझ्या श्रेयाच्या ब्लाउजला हुक लावत होत्या.

"ऐकलंस का गं, मी गेले म्हणे," त्या श्रेयाला म्हणाल्या. "सांगून तरी जायचं की नाही."

शेंद्र्याच्या पुढं, करमाडच्या वाटेवर आमची कॉलनी. पाणी आठवड्यातून एकदा, आणि घराघरांच्या व्हॉल्वची चावी अध्यक्ष राजकुमार साहेबांकडं. सात वर्षं निवडणूक नाही. निवडणुकीनं शांतता बिघडते, असा त्यांनीच ठराव करून घेतला होता. गच्चीवर कपडे कोणत्या दिशेला तोंड करून वाळत घालायचे, तेही भोंगा सांगायचा. आम्ही तसेच घालायचो. सुलेखाताईंनी निवडणूक मागितली, म्हणून त्यांचं घर रिकामं ठरलं. रिकाम्या घराला पाणी कशाला?

ताई एकट्या, शिवणकामावर जगणाऱ्या. शहरातल्या औरंगपुऱ्यातून अस्तर घेऊन परतल्या की फाटकावर वॉचमन कडूबा अडवायचा.

"कुणाकडं जायचंय?"

"सुलेखाताईंकडं."

"त्या नाय राहत इथं."

"मग बसते त्यांची वाट बघत."

कडूबा फाटक उघडायचा. पाहुण्यांना बंदी नव्हती.

साहेब दुपारी झोपले की मी भिंतीवरून पाइप टाकून ताईंचा पिंप भरून द्यायची. आमचंही घर रिकामं ठरलं, तर बारावीतल्या पोरीनं अभ्यास कुठं करायचा? पोरगी मात्र ताईंच्या मशीनजवळ बसून साहेबांनंतर काय, याचे बेत करायची. ताईंचा बेत साधा होता. चावी दर आठवड्याला वेगळ्या घरी, पाणी सगळ्यांना.

"साहेबांना पण?" श्रेयानं विचारलं.

"त्यांना आंघोळ लागत नाय का?"

शेवटी ताईंनी पत्र्याच्या शेडमध्ये बैठक बोलावली. विषय एकच, अध्यक्षांना हटवणं. सगळे आले, आणि सवयीनं घोळ केला. अध्यक्ष निवडल्याशिवाय आपल्याकडं बैठक सुरू होत नाही. पुंजाराम काका उठले. "आजच्या बैठकीचं अध्यक्षस्थान राजकुमार साहेबांनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडतो." तिघांनी एकदम अनुमोदन दिलं. साहेबांना घरून बोलावून आणलं, शाल-नारळ दिला.

सुलेखाताईंनी डोळे मिटले, उघडले, आणि ठराव वाचला. साहेब बहुधा नारळाची शेंडी बघत होते. नेहमीसारखं म्हणाले, "कुणाचा विरोध?"

सात वर्षांत त्यांच्यासमोर विरोधाचा हात वर गेला नव्हता. आजही गेला नाही. त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचासुद्धा नाही.

"ठराव सर्वानुमते मंजूर," साहेब म्हणाले. मग काय मंजूर केलं ते बघायला कागद मागितला.

चावी टेबलावर आली. कुणी हात लावेना.

"तुम्हीच घ्या, साहेब," काका ताईंना म्हणाले.

"मला साहेब म्हणाल, तर तुमच्या घरचं शिवण बंद."

"बरं, साहेब."

पाण्याच्या दिवशी अख्खी कॉलनी व्हॉल्वपाशी जमली. "त्या राजकुमारचा बंदच ठेवा," काका म्हणाले. "त्याचंबी घर रिकामं होऊ द्या. कळू द्या जरा." सगळ्यांच्या माना हलल्या, माझीही. ताई उकिडव्या बसून एकेक व्हॉल्व उघडत गेल्या. त्यांचा स्वतःचा उघडला, साहेबांचाही.

"मग हटवला कशापायी?" काका भडकले.

"काका, तुमची टाकी भरून वाहतीये. जा आधी."

काका पळाले. ताईंनी चावी माझ्या हातात ठेवली, पुढची पाळी आमची म्हणून. तेव्हापासून दोन शेजारणी डबे देऊन गेल्या. एकात धिरडी, एकात शंकरपाळे. दोघींनी मला मॅडम म्हटलं. श्रेया डब्यांकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होती. मी घाबरून ताईंना विचारायला गेले.

"माझ्याकडं पाच आले होते," त्या पाणी भरता भरता म्हणाल्या. "सगळे परत केले." मग जरा थांबून म्हणाल्या, "एक शेवयांचा सोडून."