शमशेरनं चुकवलेलं गाव

शमशेर मणेर जातीचाच संशयी. दुधाची पिशवी हुंगल्याशिवाय पातेल्यात ओतू द्यायचा नाही. त्याची बायको रशीदा म्हणायची, निकाहात मी तीनदा कबूल म्हटलं, ह्यांचं चाललं असतं तर चौथ्यांदा म्हणायला लावलं असतं.

तरुणपणी तो खांद्यावर बांगड्या घेऊन पाटणच्या वरच्या डोंगरातल्या वाड्या हिंडला. पुढं बायका बाजारातूनच बांगड्या भरायला लागल्या, तेव्हा तोच डोंगर त्यानं शहरातल्या हौशी माणसांना दाखवायला घेतला. चार-चार दिवसांची चाल आखून द्यायची आणि सोबत जायचं. आखणी पाण्यावरून व्हायची. रात्रीचं पाणी कुठं ते आधी, मग मुक्काम, मग वाट. चूल कुणाच्या घरी पेटणार त्याचा निरोप आधीच जायचा. आणि निघण्याआधी प्रत्येकाला आपली पिशवी ह्याच्या ओट्यावर उघडावी लागायची. सांगायला वजन बघायचा, खरं तर माणूस बघायचा.

त्याला कारणही होतं. मागं एक टोळकं गुप्तधनाच्या नादानं एका वाडीतलं देऊळ उकरून गेलं होतं. ती माणसं शमशेरनं आणलेली. पुढं वर्षभर त्या डोंगरात त्याला कुणी तांब्याभर पाणी दिलं नाही. मणेराचं सगळं बिऱ्हाड त्या वाड्यांच्या विश्वासावर चालायचं, तो विश्वास पुन्हा गेला असता तर उठलाच होता बाजार. दुधानं तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो.

अशात चैत्रात आष्ट्याकडचं एक जोडपं आलं. गंगाधर आणि पद्मा, दोघंही साठीपुढची. गड नको, धबधबा नको, त्यांना फक्त पाणोळीला जायचं होतं. पाणोळी म्हणजे धरणापायी कधीच उठलेलं गाव, पाण्याखाली गेलं नव्हतं, पण आता नुसतं रान. तिथं काय आहे म्हणून विचारलं तर सहज बघायचंय म्हणाले. ताकास तूर लागू देईनात. पिशवी उघडली तर आत खुरपं, नारळ, हळद-कुंकू आणि कोरं लाल फडकं.

शमशेरच्या मनात पाल चुकचुकली. रशीदा म्हणाली, सरळ विचारा की त्यांना. चोर कधी सांगून खणतो का, म्हणून ह्यानं तिलाच झटकलं. मग दोघांना थाप मारली, की पाणोळीची वाट दरड कोसळून मोडली. तिसऱ्या दिवशी माथ्यावरूनच जायचं आणि पलीकडच्या वाडीत ओळखीच्या हंबीररावांच्या घरी मुक्काम. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. वरून तरी दिसेल ना, एवढंच पद्मानं विचारलं. शमशेरचा संशय आणखी पक्का झाला.

तीन दिवस त्यानं त्या खुरप्यावरची नजर काढली नाही. दोघं मुकाट चालत होती. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना माथ्यावर पोचले. खाली पाणोळीचा वड दिसत होता, देवीचा चौथरा दिसत होता, आणि तिथवर गेलेली गुरांची वाट चांगली धडधाकट दिसत होती.

पद्मा थांबली. तिनं त्या वाटेकडं बोट केलं.

"वाट तर हाय की ओ, भाऊ."

शमशेरनं थाप मारल्याचं कबूल केलं, खुरप्यावरून आलेला संशयही सांगितला.

तेव्हा तिनं सांगितलं. पाणोळी तिचं माहेर. उठलेल्या लोकांनी वसाहतीत देवीचं देऊळ बांधलं होतं, येत्या मंगळवारी स्थापना होती. मूर्तीखाली जुन्या चौथऱ्याची मूठभर माती लागते, आणि ती माहेरवाशिणीनंच ठेवायची. माती हातात येईपर्यंत त्याविषयी कुणाशी अवाक्षर काढायचं नाही, अशी रीत. म्हणून गप्प होतो, आता माती राहिलीच, म्हणून सांगितलं, म्हणाली.

शमशेरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ताच उतरू म्हणाला, पण त्याची आखणी त्यालाच आडवी आली. खालचा झरा चैत्रात आटतो, रात्रीचं पाणी फक्त हंबीररावांकडं. गंगाधरचा गुडघा सुजला होता, पद्माही थकली होती. आज उतरलं तर अंधारात पुन्हा चढणं त्यांच्यानं झालं नसतं, आणि उद्या इथवर माघारी येणं तर नाहीच.

"ताई, पहाटं म्या एकटा जातो. देवीची माती आनतो. मंगळवारच्या आत आष्ट्याला पोच करतो."

पद्माला राग आलेला नव्हता, हेच त्याला सोसवेना. तिनं नारळ काढून माथ्यावरच्या एका दगडापाशी ठेवला, खाली चौथऱ्याकडं बघून हात जोडले आणि मग त्याच्याकडं वळली.

"आनशीला ओ. पन ती तिथलीच हाय, ह्ये आमी कशावरनं मानायचं?"

 तिनं खुरपं काढून मातीसाठी आणलेल्या लाल फडक्यात गुंडाळलं, परत पिशवीत टाकलं, आणि नवऱ्याला हात देऊन ती हंबीररावांच्या घराच्या वाटेला लागली.