डाळ न शिजणारं पाणी

अंथुर्ण्यात शाळेच्या दोन खोल्यांचा स्लॅब त्या दिवशी टाकायचा होता. खडी, वाळू, सिमेंट, माणसं, सगळं जागेवर. मिक्सर नुकता चालू केलेला. मी वर सळईच्या गाठी तपासत होतो. मजुरांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईनं खालून हाक मारली, "फोरमनभाऊ, ह्या पाण्यात डाळ शिजंना. दोन तास झालं, दाणं हायेत तसंच."

तोवर आम्ही कॅनॉलचं पाणी वापरत होतो. पाण्याची पाळी संपली, कॅनॉल कोरडा पडला, म्हणून आमच्या ठेकेदार मालकांनी आदल्या दिवशी शेजारच्या उसातल्या विहिरीवर मोटर बसवून दिली होती. मी खाली उतरलो, टाकीतलं पाणी ओंजळीनं तोंडात घेतलं आणि थुंकलो. खारट. विहिरीकडं जाऊन बघतो तर बांधावर पांढरा थर. उसाला पाणी पाजून पाजून तिकडच्या बऱ्याच जमिनी अशा खारावल्या होत्या. असल्या पाण्याचं काँक्रीट वरून छान दिसतं, पण आत सळई गंजत राहते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे खाली पोरांच्या डोक्यावर. मी मिक्सर बंद करायला लावला.

 मी नांदेडकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. बारामतीत मला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा ह्याच मालकांनी बिगारी म्हणून ठेवलं, स्वतः शेजारी बसवून नकाशा वाचायला शिकवलं, फोरमन केलं. ते उपकार आजही डोक्यावर आहेत. आणि त्यांचंच काम मी अडवून बसलो होतो.

गावातल्या फोनवरून निरोप गेला. दुपारी मालक जीप घेऊन हजर. मी पाण्याचं सांगितलं. सगळं लेबर ऐकत होतं, त्यामुळं ते जास्तच भडकले.

"सातवीतनं पळालेला तू, मला केमिस्ट्री शिकवतो व्हय? आन स्लॅबला काय तहान लागलीय, खारं-गोडं बघायला?"

दोघं-तिघं हसले. मी पेला भरून त्यांच्यापुढं धरला. "तुम्ही प्या मालक. प्यालात तर आत्ता मिक्सर चालू करतो."

त्यांनी पेल्याला हात लावला नाही. टँकर बारामतीहून आणायचा म्हणजे काम उद्यावर जाणार, आज एवढी माणसं नुसती बसून राहणार, असं बरंच बोलले. त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी म्हणाले, गावाकडं परत जायचं असेल तर तसं सांग.

"जातो," मी म्हणालो. "पण मी इथं आहे तोवर ह्या पाण्यानं स्लॅब टाकू देणार नाही. दुसरा फोरमन आणा."

जीप तशीच निघून गेली. मी खोलीवर जाऊन पिशवी भरली.

सकाळी टँकर आला. सोबत दुसरा फोरमन काही आला नाही, म्हणून स्लॅब मीच टाकून घेतला. त्यानंतर आठ दिवस मालक माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. काय ते निरोप जीपच्या ड्रायव्हरकडून. हाकललं असतं तर परवडलं असतं. न राहवून एसटीनं बारामतीला गेलो, ऑफिसात उभा राहिलो आणि विचारलं, राहू का जाऊ?

त्यांनी टेबलावरच्या नकाशातून मान वर केली नाही. "निमगाव केतकीचं काम लागतंय. ते तूच बघायचं. पण परत माझा मिक्सर बंद केलास, तर गाठ माझ्याशी हाय."



"पाणी खारं असलं तर करणार, मालक," मी म्हणालो, आणि नकाशासाठी हात पुढं केला.