पाळीपुरती दुरुस्ती

मिल बंद झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, फिकट हिरव्या रंगाची एक जुनी गाडी घेतली. पीथमपूरला नवे कारखाने उभे राहत होते. तिथल्या एका कारखान्यातल्या इंजिनिअरांना इंदूरहून रोज नेण्या-आणण्याचं काम त्याला मिळालं. घर त्यावर चालत होतं.

उन्हाळा लागला तशी गाडी वाटेतल्या राऊ गावाच्या पुढे तापू लागली. एकदा साहेब लोकांना बराच वेळ रस्त्यावर उभं राहावं लागलं. त्यांनी बजावलं, "भिया, फिर ऐसा हुआ तो हम दूसरी गाडी देख लेंगे."

वहिनी म्हणाली, "गाडी आणलीत की बंब? आंघोळीचं पाणी तरी काढा त्यातून." दादा हसला नाही.

मी तेव्हा एका दैनिकात होतो, त्यामुळे चौकशी माझ्याकडे आली. दादाला घेऊन मी तीन ठिकाणी गेलो आणि तिन्हीकडे तक्रार त्याच शब्दांत सांगितली. हमरस्त्यावरच्या मोठ्या वर्कशॉपने बॉनेट न उघडताच इंजिन उतरवायला सांगितलं. भाव आठ हजार. भंवरकुआं भागातल्या गॅरेजवाल्याने गाडी स्वतः चालवून पाहिली, थंड होऊ दिली, मग रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू केलं आणि पाण्यात उठणारे बुडबुडे आम्हाला दाखवले.

"इंजिनचं हेड, वरचं झाकण, टेढं झालंय, भाऊसाहेब. खोलून लेथवर सपाट करावं लागेल. साडेतीन हजार, आणि चार दिवस गाडी इथे. यापेक्षा कमी सांगणारा हेडला हात लावणार नाही, एवढं समजून घ्या."

तिसरं ठिकाण पोलोग्राउंडची एक भाड्याची शेड. तिथे दादाच्याच मिलमधला, कताई-खात्यातला फिटर आता गाड्या दुरुस्त करत होता. तो म्हणाला, "हेडखालचं पॅकिंग गेलंय. सामान आणून दे, संध्याकाळी गाडी घेऊन जा."

दादाने डोळ्यांनी खुणावलं, तरी मी मजुरी विचारली.

"क्यों भिया," तो दादाला म्हणाला, "तुझा भाऊ पेपरवाला आहे की इन्कमटॅक्सवाला? तुझ्याकडून मजुरी घेऊ मी?"

घरी मी हेडचा विषय काढला. दादा म्हणाला, "इतकी वर्षं मिलमध्ये माझे सुताचे साचे त्याने चालू ठेवले. गाडी दुसऱ्याकडे लावली तर त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने जाऊ? आणि चार दिवस साहेबांना काय सांगू?"

गाडी पोलोग्राउंडला गेली.

तो फिटर सचोटीचा होता. सामान नवंच बसवलं, उरलेलं परत दिलं. पण हात मिलचा होता. मिलमध्ये साचा अडला की फिटरने तो पाळी संपेपर्यंत चालता करून द्यायचा. पुढचं पुढच्या पाळीचा फिटर बघे, आणि सुट्टीच्या दिवशी साचा खोलून नीट होई. गाडीचंही त्याने तसंच केलं. वाकलेल्या हेडखाली नवं पॅकिंग घातलं, कडेने गळती बुजवायचा मसाला लावला, बोल्ट आवळले. आम्ही विश्वासू माणूस शोधत होतो आणि तो आम्हाला मिळाला होता.

काही आठवडे गाडी चालली. मग राऊच्या पुढे पुन्हा वाफ आली. दादाने ढाब्यावरून निरोप धाडला. फिटर टेम्पोतून हत्यारांची पिशवी घेऊन आला, उन्हात गाडीखाली झोपला आणि गाडी चालू करून उठला.

"ले, चालू."

तोवर साहेब लोक एका जीपला हात करून निघून गेले होते. दुसऱ्या दिवसापासून तीच जीप त्यांना न्यायला येऊ लागली. फिटरला हे दादाने सांगितलं नाही.

काम गेल्यावर दादाने गाडी विकायला काढली, ती भंवरकुआंच्या गॅरेजवाल्यानेच विकत घेतली. हेड सपाट करून त्याने ती पुढे विकली.

नंतर दादा त्याच भागात एका कोचिंग क्लासच्या गेटवर चौकीदार झाला. फिटर त्याला भेटायला येई. एका संध्याकाळी मी तिथे असताना ती फिकट हिरवी गाडी पोरांनी भरून समोरून गेली. फिटरने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"देखा? मी बांधलेलं इंजिन. तू उगाच विकलीस."

दादा गाडी वळेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिला.

"हो भिया," तो म्हणाला. "उगाच विकली."