धसईची जीप आणि रविवारचे परीक्षक

धसई-मुरबाड रस्त्यावर प्रवासी वाहणाऱ्या भास्करच्या जीपचे गेल्या पावसाळ्यात जे रूपांतर झाले, त्याला अंतिम मान्यता मी दिली होती. दूरदर्शन संच माझा, बैठकीची खोली माझी, आणि सारी नोकरी मुरबाडच्या शाळेत वर्ग सांभाळण्यात गेल्यामुळे आमच्या रविवारच्या बैठकीचे अध्यक्षपदही आपोआप माझ्याकडेच आले.

दर रविवारी संध्याकाळी जुन्या मोटारी नव्या करण्याचा एक परदेशी कार्यक्रम हिंदीतून लागतो. तो पाहायला चौघे जण मुरबाडला माझ्याकडे येतात, कारण त्यांच्या घरी त्या वेळी मालिका चालू असतात. गॅरेजच्या मागे जसे सुटे भाग साचत जातात, तसे आमच्याकडे किस्से साचले आहेत. कामाचा एकही नाही आणि टाकून देववेल असाही एकही नाही.

चौघांपैकी भास्कर माझा विद्यार्थी. इतर तिघांना मोटारींचा षोक आहे. भास्करचे घर मोटारीवर चालते, एवढा फरक.

*

कार्यक्रम चालू असताना कोणी बोलायचे नाही, जे सांगायचे ते जाहिरातींत सांगायचे, हा माझा नियम. गावच्या टोकाला रंगकामाचे दुकान असलेला वामन हाही माझाच विद्यार्थी. एकदा पडद्यावर एका सुरेख गाडीचे छप्पर कापायला घेतले, तेव्हा वामनने हात वर केला. मी लक्ष दिले नाही. जाहिरात लागल्यावर म्हटले, "हं, बोल."

"आता काय बोलू, बाई? कापली ना त्यांनी."

*

त्या कार्यक्रमात गाडी काचेच्या खोलीत रंगवतात. रंगारी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या वेषात असतो. वामनला ते मुळीच पटत नाही.

"गाडी रंगवतोय का ऑपरेशन करतोय? आमी ताडपत्रीखाली मारतो. आजवर कोणी तक्रार केली नाय."

"आणि सरळगावच्या डॉक्टरांची गाडी?" भास्करने विचारले.

त्या गाडीच्या बॉनेटवर, रंगाच्या खाली, एक पतंग पंखांसकट चिकटून राहिला आहे. हात फिरवला की बोटांना लागतो.

"ती तक्रार नाय," वामन म्हणाला. "डॉक्टर पाहुण्यांना दाखवतात."

*

शहापूरचे देशमुख बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांनी घेतलेली मोटार आहे आणि तिच्यातला प्रत्येक भाग मूळचा आहे. पडद्यावर कोणी जुन्या गाडीला नवे दिवे लावले, की ते चष्मा काढून ठेवतात; त्यांच्या दृष्टीने त्या दिवशीचा कार्यक्रम तिथेच संपतो.

एका रविवारी ते धुळीने माखलेले आले. एसटी वाटेत बंद पडली होती आणि उरलेला रस्ता त्यांनी एका टेम्पोत उभ्याने काढला होता.

"साहेब, घरी एवढी गाडी असताना?" वामनने विचारले.

"रस्त्यावर धूळ फार आहे," देशमुख म्हणाले. "गाडीला बाधते."

*

चौथे म्हशाचे किसनतात्या. जत्रेत बैलांचे सौदे करण्यात त्यांचा जन्म गेला. मोटार चालवता येत नाही. परंतु चालताना कोणती गाडी मागच्या उजव्या अंगाने लंगडते, हे त्यांना पडद्यावरूनही दिसते. त्या कार्यक्रमाबद्दल त्यांचा आक्षेप एकच. गिऱ्हाईक मालकासमोर मोठ्याने भाव सांगतो.

"उघड्यावर?" तात्या मान फिरवून म्हणाले. "चार माणसांत? मालकाची काय अब्रू राहिली?"

जनावराचा भाव उपरण्याखाली बोटे धरून ठरवायचा असतो. बघणाऱ्यांना कळता कामा नये. देशमुखांना एक जुने स्टीअरिंग हवे होते, म्हणून तात्या त्यांच्याबरोबर शहापूरच्या भंगारवाल्याकडे गेले आणि त्यांनी त्याच्या हातावर उपरणे टाकून आतून बोटे धरली. भंगारवाला तरुण होता. आधी लाजला, मग घाबरला, आणि शेवटी प्रत्येक बोटाला "हो, हो" म्हणत गेला.

स्टीअरिंग मिळाले. भाव काय ठरला, हे भंगारवाल्यालाही तात्यांनाच विचारावे लागले.

*

आता जीपकडे येते.

रस्त्यावर नव्या व्हॅन आल्यापासून भास्करची जीप मागे पडू लागली होती. पत्रा गंजलेला, सीट फाटलेली. पाड्यांवरून भाजी घेऊन उतरणाऱ्या बायका तेवढ्या त्याच्यासाठी थांबत. जीपचे काहीतरी केले नाही तर पुढच्या वर्षी कोणाकडे तरी ड्रायव्हर म्हणून राहावे लागेल, असे त्याची बायको सुनंदा मला स्पष्टच म्हणाली होती.

"टीव्हीतल्यासारखी करू या," वामन म्हणाला.

रंग वामनचा, सुट्या भागांचा शोध देशमुखांचा, सौदे तात्यांचे. मी होकार दिला. पावसाळाभर जीप ताडपत्रीखाली राहिली आणि बायका व्हॅनने जाऊ लागल्या. देशमुखांनी जुनी छायाचित्रे पाहून छपरावरचा कॅरिअर आणि मागची पायरी दोन्ही काढायला लावले. मूळ गाडीला ती नव्हती.

दसऱ्याला माझ्या अंगणात जीपवरची चादर ओढायची ठरली. कार्यक्रमात या क्षणी मालक रडतो. वामनने त्यासाठी भास्करला समोर उभे केले होते. चादर निघाली. जीप हिरवीगार चकाकत होती, तिच्या दारात वामनला स्वतःचे तोंड दिसत होते आणि तो तेच पाहत होता.

भास्कर रडला नाही. त्याने गाडीला एक फेरी मारली आणि विचारले, "म्हाताऱ्या माणसानं पाय कुठं ठेवायचा?"

"मूळची आहे," देशमुख म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी मी स्वतः धसईला गेले, म्हणून हे पाहिलेले सांगते. भास्करने नेहमीच्या जागी जीप लावली. पाड्यावरून ठमाबाई आल्या. डोक्यावर शिराळ्यांची पाटी. जीपपासून चार हात दूर थांबल्या.

"ये गो मावशे," भास्करने हाक मारली.

"कोना सायबाची रे?"

"माझीच. तीच हाय."

"नको रे बाबा. माझी पाटी वली हाय."

फार आग्रह झाल्यावर त्या आल्या. पण चढण्याआधी त्यांनी चपला काढल्या आणि हातात धरल्या. त्यांच्यामागून आलेल्या दोघींनीही तसेच केले. तिघी सीटच्या कडेवर, देवळात बसल्यासारख्या बसल्या, पाट्या मांडीवर. मी पुढे भास्करशेजारी बसले होते; मुरबाडपर्यंत कोणी शब्द बोलले नाही. ज्या जीपमध्ये सुनेपासून सरपंचापर्यंत सगळ्यांची चौकशी होत असे, तिथे मला फक्त इंजिन ऐकू आले.

परतीला तिघीही व्हॅनने गेल्या. पुढचे काही दिवस जीप रिकामी धावली. सुनंदा मला बाजारात भेटली, पण जीपबद्दल काही बोलली नाही. ते मला अधिक लागले.

*

रविवारी मी संच लावलाच नाही. सुनंदालाही बोलावून घेतले होते.

"सीटवर जुनं गोणपाट टाकू," भास्कर म्हणाला.

"माझ्या कामावर गोणपाट?" वामन म्हणाला. "त्यापेक्षा मीच आडवा पडतो."

"पडा," सुनंदा म्हणाली. "तुमच्यावर तरी कोणी पाय देईल."

मी शांत राहण्याची सूचना केली. तेव्हा तात्यांनी हात वर केला.

"नवा बैल असतो ना, बाई. गोठ्यात जात नाय. ढकलून उपयोग नसतो. आधी एक जुनं जनावर आत सोडायचं. माझी बकरी बाजाराला न्यायचीच हाय."

"बकरी? त्या सीटवर?" देशमुखांनी विचारले.

"तिला चपला काढायला लागत नाय," तात्या म्हणाले.

बाजाराच्या दिवशी आम्ही सगळेच धसईला होतो. बायका व्हॅनची वाट पाहत उभ्या होत्या. तात्यांनी दोरी सैल सोडताच बकरी पायरीशिवाय एका उडीत आत गेली, चिखलाचे चारही पाय सीटवर रोवून उभी राहिली आणि खिडकीची नवी रबरपट्टी चावू लागली. थोड्याच वेळात तिने सीटवर उरलेलेही काम उरकले.

वामन रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला.

ठमाबाईंनी बकरीकडे पाहिले. मग पाटी आत सरकवली, सुनंदाचा हात धरला आणि गुडघा टेकवत वर चढल्या.

"सरक गो जरा," त्या बकरीला म्हणाल्या आणि चपलांसकट ऐसपैस बसल्या.

मुरबाडला पोहोचेपर्यंत जीपमध्ये आठ बायका, एक बकरी आणि कोणाच्या तरी जावयाची संपूर्ण हकीकत होती. भास्करला दोनदा "हळू हाक रे, ऐकू दे," असे सांगण्यात आले.

वामन आणि देशमुख मागून व्हॅनने आल्यावर मुरबाडच्या स्टँडवर, जीपला टेकूनच, मी सभा घेतली. मागची पायरी आणि छपरावरचा कॅरिअर आठवड्याच्या आत पुन्हा बसवावा, असा ठराव मी मांडला. भास्कर, सुनंदा आणि तात्या यांनी हात वर केले. नव्या पायरीला रंग आपणच देणार, या अटीवर वामननेही केला.

देशमुखांचा हात तेवढा वर नव्हता. ते जीपमध्ये वाकून वर्तमानपत्राच्या तुकड्याने सीटवरच्या लेंड्या एकेक करून उचलत होते. त्यांची संमती आहे, असे मी जाहीर केले आणि त्यांनी मान वर केली नाही.