वाचनमास्तरांचं माप

वैमानिक घडवणाऱ्या त्या शाळेत एक विमान असं होतं, की ते जन्मात कधी जमिनीवरून उठलं नाही. विमानं ठेवायच्या हँगरच्या मागच्या खोलीत ते ठाण मांडून बसलेलं असे. पंख नाहीत, शेपूट नाही, नुसतं कॉकपिट. दोन खुर्च्या, समोर काळा रंग दिलेला पत्रा, पत्र्यात कापलेली चौकोनी भोकं आणि भोकांमागे कॉम्प्युटरचे साधे स्क्रीन. शिकाऊ पोरं आधी इथे आपटायची, डोंगरात घुसायची, समुद्रात बुडायची आणि मग चहा पिऊन घरी जायची. याला सिम्युलेटर म्हणत, आणि तो ज्यांच्या ताब्यात होता त्यांना सगळी शाळा वाचनमास्तर म्हणे.

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक दुरुस्ती सोडून सरळ नवा टीव्ही घ्यायला लागले तेव्हा दुकान बुडालं आणि मास्तर इथे आले. आले तेव्हा कॉकपिटमधलं एक अक्षर धड वाचता येत नव्हतं. निळ्यावर करडे आकडे, त्यांच्यावर छतावरच्या ट्यूबलाइटची चमक, रेडिओचा आकडा तर मुंगीएवढा. पोरं दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांसारखी माना पुढे काढून बसायची. मास्तरांनी करड्याचं पांढरं केलं, आकडे ठसठशीत केले, स्क्रीनवर चमक घालवणारी फिल्म चिकटवली, ट्यूबलाइटला काळ्या कापडाचा आडोसा केला, रेडिओला वेगळा छोटा स्क्रीन दिला. हळूहळू पोरांच्या पाठी खुर्चीला टेकल्या. मालकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, आणि ते मास्तरांना पुढे कितीतरी वर्षं पुरलं.

नाव पडलं ते त्यांच्या सकाळच्या रिवाजावरून. पोरं यायच्या आधी मास्तर डाव्या खुर्चीत बसत, पाठ टेकवत आणि खणखणीत आवाजात कॉकपिट वाचून काढत. वेग, उंची, इंधन, रेडिओ, मग प्रत्येक बटणाखालची पट्टी. जिथे अडखळले, ते त्याच दिवशी ठीक करायचं. ‘मला टेकून वाचता आलं, तर पोरांना येणारच,’ असा त्यांचा साधा हिशोब होता. म्हणजे अख्ख्या शाळेत अक्षराचं माप एकच, मास्तरांचे डोळे.

आता काटाच बिघडला, तर ते कुणी ओळखायचं? आणि काटा बिघडत होता. मास्तरांचे डोळे चालले होते. वाचकाला मी हे आत्ताच सांगून टाकतो, कारण मास्तरांना ते सांगायची हिंमत कुणाला झाली नाही, खुद्द मास्तरांनाही नाही. डोळे गेले की खुर्ची गेली, आणि त्या खुर्चीशिवाय या माणसाजवळ मिरवायला दुसरं काही नव्हतं.

एका सकाळी उंचीचा आकडा मधोमध पुसल्यासारखा दिसला. मास्तरांनी स्क्रीन पुसला. दुसऱ्या दिवशीही तेच, तेव्हा स्क्रीन बदलला. तरीही तेच, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन अक्षर एका मापाने वाढवलं. वाचता आलं. झालं, मिटलं. मग कधीतरी इंधनाचा आकडा रुसला, तोही वाढवला. मग रेडिओ. मग बटणांखालच्या पट्ट्या नव्याने छापल्या. पुढे पुढे आकडे त्या चौकोनांत मावेनात, तेव्हा या गृहस्थाने कानस घेऊन पत्र्यातली भोकं मोठी केली. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. मास्तर तर अंगणच तासायला बसले होते.

पोरांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. बारीक अक्षराबद्दल माणूस कुरकुरतो, मोठ्या अक्षराबद्दल कोण तक्रार करणार? नव्याने येणाऱ्यांना वाटे, कॉकपिट असंच असतं. उलट शाळेत बोललं जाई, की मास्तरांच्या सिम्युलेटरमध्ये आंधळ्यालासुद्धा विमान उतरवता येईल. मास्तर हे ऐकून खूश होत.

घरी बायको कपडे उसवून-आवळून देण्याचं काम करी. तिला चाळिशी लागून जमाना झाला होता, त्यामुळे सुईत दोरा ओवायचं काम पहिल्यापासून मास्तरांचं. एका दुपारी ते खिडकीशी बसून ओवत राहिले, ओवतच राहिले.

“हल्ली दोरे अगदीच भिकार येतात,” ते म्हणाले.

“हो ना,” बायको म्हणाली, “आणि सुयासुद्धा बिनभोकाच्या.”

ती हसली, आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसायची थांबली. “अहो, एकदा डोळे दाखवून या ना.”

“कशाला? डॉक्टरने काही काढलं, तर शाळेत काय तोंड दाखवू? झाकली मूठ झाकलेलीच बरी.”

तिने सुई काढून घेतली आणि शेजारणीकडे जाऊन ओवून आणली. त्यानंतर तिने त्यांना दोरा ओवायला सांगितलं नाही, आणि मास्तरांनीही का सांगत नाहीस म्हणून विचारलं नाही. मला विचाराल तर त्या घरातलं हे सगळ्यात मोठं भांडण होतं.

मूठ उघडली ती आकाशात. कॅप्टनबाई, म्हणजे शाळेच्या मुख्य शिक्षिका, एका मुलीला घेऊन पहिल्यांदाच खऱ्या विमानात गेल्या होत्या. मुलगी हुशार, सिम्युलेटरमध्ये पहिली. उतरताना तिने उंची वाचायला नजर खाली नेली आणि तिला आकडाच सापडेना. ती वाचायला पुढे वाकली आणि वाकता वाकता हातातलं स्टीअरिंगही पुढे दाबलं गेलं. विमानाचं नाक खाली गेलं. कॅप्टनबाईंनी झडप घालून विमान सावरलं, तरी पुढचं चाक आपटून वाकलंच. दोघी सुखरूप होत्या. खाली उतरल्यावर मुलगी रडत रडत म्हणाली, “मॅडम, मागच्या खोलीत हे सगळं मोठं असतं हो!”

कॅप्टनबाई तशाच मागच्या खोलीत आल्या. कित्येक वर्षांत त्या तिथे बसल्या नव्हत्या. हाताशी खरं विमान असताना लाकडी घोड्यावर कोण बसणार? खुर्चीत बसल्या आणि समोर बघितलं. वेगाचा आकडा तळहाताएवढा होता. पत्र्यावर कानशीचे ओरखडे होते.

“मास्तर, हे कुणी केलं?”

“मीच. वाचता यायला नको का?”

त्यांनी सेटिंग उघडलं आणि सगळे आकडे मूळच्या मापावर आणले. मग उठून मास्तरांना बसायला सांगितलं. “वाचा बघू.”

मास्तर बसले. पाठ टेकवली. “वेग...” म्हणाले आणि थांबले. समोर पत्रा होता, भोकं होती, आणि जिकडे बघावं तिकडे मधोमध करडा डाग होता.

“हा स्क्रीन गेलेला दिसतोय, मॅडम.”

“मास्तर,” कॅप्टनबाई अगदी हळू म्हणाल्या, “मला वाचता येतंय.”

त्या रागावल्या असत्या तर मास्तरांना सोसलं असतं. त्या रागावल्या नाहीत. मास्तरांना ती मुलगी आठवली, आणि आपल्या मोठेपणापायी एका पोरीचा जीव गेला असता, या विचाराने ते खुर्चीतून उठायचं विसरले. शेवटी बाईंनीच हात धरून उठवलं.

डॉक्टरांनी चौकड्यांचा कागद समोर धरला. “मधला ठिपका दिसतो?”

“नाही. रेघा मध्ये वाकलेल्या आहेत.”

“रेघा सरळच आहेत.” डॉक्टर माणूस बरा होता, आडपडदा न ठेवता बोलला. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. यावर औषध नाही, ऑपरेशन नाही, चष्म्याचा उपयोग नाही. कडेकडेचं दिसत राहील, चालताना आपटणार नाही. पण ज्याच्यावर नजर रोखाल, नेमकं तेच पुसलं जाईल. “थेट बघू नका. जरा बाजूला बघायची सवय करा, मग थोडंफार दिसेल.”

“अक्षरं मोठी करून चालेल?” मास्तरांनी विचारलं.

“काही दिवस,” डॉक्टर म्हणाले. हे उत्तर मास्तरांना विचारण्याआधीच पाठ होतं.

शाळेने त्यांना वाईट वागवलं असं कुणी म्हणू नये. मालकांनी फाटकावर बसायचं काम देऊ केलं, पण फाटकावर ओळखपत्रं तपासायची असतात. मास्तरांनी हात जोडले आणि घरी आले. बायकोला डोळे अधू झाले एवढंच सांगितलं, मधलं पुसलं जातं हे सांगितलं नाही.

घरी करायला काही नव्हतं. बायको खिडकीशी बसून उसवत असायची आणि ते समोर बसायचे. बघायचं असेल ते सोडून दुसरीकडे बघायचं, हे त्यांनी हळूहळू साधलं. ताट दिसायला भिंतीकडे बघायचं, दार दिसायला छताकडे. एका संध्याकाळी बायकोच्या डोक्यावरच्या दिव्याच्याही पलीकडे, कोपऱ्यात नजर लावली, आणि डोळ्याच्या कडेला ती आली. कपाळ, नाक, ओठात धरलेला दोरा, सगळं अंधुक पण होतं. किती तरी दिवसांनी. ते श्वास रोखून कोपऱ्याकडे बघत बसले.

बायकोचा हात थांबला. हा माणूस घरी आल्यापासून आपल्याकडे बघत नाही, हे ती रोज गिळत आली होती. नोकरी गेली त्याचा राग आहे, की शेजारणीकडून सुई ओवून आणली त्याचा, हे तिला कळत नव्हतं.

“अहो, माझ्यावर रुसलात का?”

“नाही गं.”

“मग त्या कोपऱ्यात काय ठेवलंय? इकडे बघा ना जरा.”

ती उठून जवळ आली, खाली बसली, आणि दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरून आपल्याकडे वळवला, अगदी समोरासमोर. आणि ती गेली. केस राहिले, कान राहिले, मध्ये काही नव्हतं.

“आता बघा,” ती म्हणाली. “दिसते का मी?”

तिचे हात गालांवर गरम होते. मास्तरांनी मान सोडवून घेतली नाही.

“दिसतेस की,” ते म्हणाले.