सूर्याचं वादळ आणि बांधावरचा आंबा

सूर्याभोवती पूर्ण गोल कडं उठलेलं दिसलं आणि तेवढ्यात धसईहून मामाचा फोन आला.

"सोमवारी मोजणी हाय. जेवायलाच ये गो."

मी सूर्यावर पाळत ठेवते. पगारी. सूर्य अधूनमधून तापलेल्या वायूचा प्रचंड ढग अवकाशात फेकतो, त्याला सीएमई म्हणतात. आमच्या दुर्बिणीत सूर्याच्या तोंडावर एक चकती धरलेली असते, उन्हात आपण डोळ्यांवर हात धरतो तशी. मग भोवतालचं अंधुक दिसतं. कडं गोल दिसलं, तर ढग एक तर थेट आपल्याकडे येतोय, नाहीतर पाठ फिरवून चाललाय. दिसायला दोन्ही सारखेच. आमची डोकेदुखी तीच.

शनिवारची ड्यूटी आसनगावच्या घरून होती. सरांना फोन लावला.

"मागच्या बाजूचं नाही ना?"

"नाही सर. स्फोट समोरच्या अंगालाच झालाय."

"पोचणार कधी?"

"सोमवारी. सकाळी की संध्याकाळी, ते नाही सांगता येत."

"मग सोमवार लिही. वॉर्निंग काढ."

वॉर्निंग काढली आणि मामाची मोजणी आठवली. मामा आणि शेजारचे हिरामणकाका यांच्या बांधावर एक जुना रायवळ आंबा आहे. झाड कोणाचं, यावरून दोघांचं बोलणं बंद. शेवटी दोघांनी मिळून खासगी सर्व्हेअर ठरवला. त्याचं मशीन उपग्रहांकडून जागा विचारतं. सूर्याचं वादळ आलं की वरच्या हवेत गडबड होते आणि उत्तर चुकतं.

"मामा, सोमवारी नको. सूर्यावर वादळ झालंय."

"आभाळ तं सोच्छ हाय."

मामाने तरी निरोप दिला. काकांचं उत्तर आलं, "भाची मामाचीच बाजू घेनार. साक्षीला सूर्य आनलाय."

झालं. सोमवारी मीही बांधावर हजर. वादळ आलं नसतं तर ऑफिसात लोक हसले असतेच, धसईतही चेष्टेला वर्षभर पुरलं असतं.

सर्व्हेअर मशीनकडे बघून कपाळाला आठ्या घालत होता. "फिक्स येत नाय." फिक्स म्हणजे मशीनला आपल्या जागेची खात्री पटणं. ती नसेल तर मशीन नुसता अंदाज सांगतं, त्याला फ्लोट म्हणतात. तो सामान आवरायला लागला.

"अंदाज तं अंदाज, बोला," काका म्हणाले.

अंदाजाने झाड काकांच्या हद्दीत गेलं. काका गालातल्या गालात हसले. मामाचा चेहरा पडला. मामीचं वर्षाचं लोणचं त्याच झाडाचं असतं.

"परत मोज," मामा म्हणाला.

चहा झाला, परत मोजलं. आता झाड मामाचं, वर काकांच्या गोठ्याचा कोपराही मामाचा.

"मशीन लबाड हाय," काका म्हणाले.

इतक्यात सरांचा मेसेज आला. वादळ पोचलं होतं. मला इतका आनंद झाला की मी हसले, आणि दोघंही माझ्याकडे खाऊ का गिळू असे बघायला लागले.

"सूर्य निवला की बोलवा," म्हणून सर्व्हेअर गेला. तोवर कैऱ्या गळून वाया जाऊ नयेत म्हणून मामी आणि काकूंनी त्या निम्म्या-निम्म्या वाटून घेतल्या.

आठवडा संपायच्या आत सूर्य शांत झाला. मामाला कळवलं.

"हळू बोल गो. हिरामनला नको सांगू."

"का?"

"मोजलं तं झाड एकाचंच व्हनार. ता माझंच निघंल कशावरून?"

संध्याकाळी काकांचाच फोन. "पोरी, सूर्य बिघडल्यालाच हाय ना अजून?"

खोटं बोलणं माझ्या नोकरीत बसत नाही. "काका, सूर्याचा काही भरवसा नाही," मी म्हटलं. ते शंभर टक्के शास्त्रीय आहे.

मोजणी अजून झालेली नाही. ऑफिसात अंदाजातल्या फरकाला आम्ही एरर म्हणतो आणि तो कमी करायला जन्म घालवतो. धसईत दोन घरांनी त्याचं लोणचं घातलंय.